मेट्सनं आपली माणसं का सोडली? २०२५-२६च्या हिवाळ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबरपासून माझ्या फोनला उसंत नाही. क्वीन्समधली मित्रमंडळी, न्यू जर्सीतली आमची भिशीची मंडळी, पुण्यात पहाटे उठून सामने बघणारा भाचा, सगळे तेच विचारतात. सिटी फिल्ड हे मैदान उघडलं त्या वर्षापासून, म्हणजे २००९पासून, मी न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचा चाहता आहे. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढलं. हे लिहितोय तेव्हा फेब्रुवारी २०२६ चालू आहे आणि नव्या हंगामातला एकही चेंडू अजून पडलेला नाही. तेव्हा इथली मतं हिवाळ्यातली आहेत, हे ध्यानात असू द्या.

मी आत्ताच बातम्या बघायला लागलो. थोडक्यात सांगा, झालं काय?

चार जुने खेळाडू एका महिन्यात गेले. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ब्रॅन्डन निम्मोला टेक्सास रेंजर्सकडे पाठवून मार्कस सेमियनला आणलं. ९ डिसेंबरला क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग सांभाळणारा पिचर (चेंडू टाकणारा), एडविन डियाझ लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला, तीन वर्षांसाठी ६.९ कोटी डॉलर घेऊन. दुसऱ्याच दिवशी पीट अलोन्सो बाल्टिमोर ओरिओल्सकडे, पाच वर्षं आणि १५.५ कोटी डॉलर. ख्रिसमसच्या तोंडावर जेफ मॅकनीललाही अ‍ॅथलेटिक्स संघाकडे देऊन टाकलं.

त्या बदल्यात डेव्हिन विल्यम्स आणि ल्यूक वीव्हर हे दोन रिलीफ पिचर, म्हणजे सामना मध्येच हाती घेणारे पिचर, आले आणि फर्स्ट बेससाठी होर्हे पोलान्को आला. मग जानेवारीत एका आठवड्याच्या आत बो बिशेट, लुईस रॉबर्ट ज्युनियर आणि फ्रेडी पेराल्टा. डिसेंबरात ज्यांनी मेट्सच्या नावानं बोटं मोडली, त्यातले निम्मे लोक जानेवारीअखेर तिकिटांचे भाव बघत होते.

पण इतकं मोडायची गरज होती का? संघ तर चांगला होता.

कागदावर होता. १२ जून २०२५ला मेट्स ४५ विजय, २४ पराभव अशा स्थितीत होते. मेजर लीगच्या तिसांपैकी एकाही संघाची कामगिरी त्या दिवशी यापेक्षा चांगली नव्हती. तिथून पुढे ३८ विजय आणि ५५ पराभव. शेवट ८३-७९. सिनसिनाटी रेड्सचेही नेमके ८३ विजय होते, पण आपसातल्या सामन्यांत ते वरचढ ठरले होते, म्हणून प्लेऑफमधली, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांमधली, शेवटची जागा त्यांना मिळाली.

शेवटचा दिवस, २८ सप्टेंबर, मायामी. रेड्स त्या दिवशी हरले. आपण फक्त जिंकायचं होतं. पाचव्या इनिंगमध्ये तिन्ही बेसवर आपली माणसं उभी, अलोन्सोनं चेंडू असा हाणला की बॅटच्या आवाजावरच आम्ही घरात सगळे उभे राहिलो. तो थेट डावीकडच्या फिल्डरच्या ग्लोव्हमध्ये गेला. ४-० हरलो. त्या संध्याकाळी घरात कुणी जेवणाचं नाव काढलं नाही.

पण मला विचाराल तर हंगाम मायामीत गेला नाही, तो १२ जूनलाच गेला. त्या दिवशी कोदाई सेंगा पिचिंग करत होता. नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची त्याची सरासरी, जिला ईआरए म्हणतात, त्या घटकेला दीडच्या आत होती. साधा जमिनीवरचा चेंडू अलोन्सोकडे आला. सेंगा फर्स्ट बेस सांभाळायला धावला. अलोन्सोनं टाकलेला चेंडू उंच गेला, सेंगानं उडी मारून तो घेतला, पाय बेसवर ताणला गेला आणि तो तिथेच मांडी धरून खाली बसला. सामना जिंकला, पिचर गेला. महिनाभरानं परत आला तो आधीचा सेंगा नव्हता. सप्टेंबरात त्याला खालच्या लीगमध्ये सिरॅक्यूजला पाठवावं लागलं. बाकीच्या पिचरांचीही रांग लागली. हंगामभरात चाळीसहून जास्त माणसांनी मेट्ससाठी चेंडू टाकला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं ते वर्ष होतं.

तेव्हा माझं उत्तर हो. मोडायची गरज होती. मेट्स बॅटिंगनं पडले नाहीत, पिचिंग आणि फिल्डिंगनं पडले. हे एकदा मान्य केलं की पुढचा अर्धा वाद मिटतो. उरलेला अर्धा मिटत नाही आणि तोच खरा आहे.

हे आयपीएलच्या लिलावासारखं असतं का?

नाही. हा प्रश्न भारतातून सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा नीट सांगतो.

आयपीएलमध्ये सगळे संघ एका हॉलमध्ये बसतात, नाव पुकारलं जातं, पाटी वर जाते, हातोडा पडतो. प्रत्येकाच्या पर्समध्ये सारखेच पैसे. बेसबॉलमध्ये यातलं काहीच नाही. वर्ल्ड सिरीज संपली की काही दिवसांत ज्यांचे करार संपलेत ते खेळाडू मोकळे होतात, त्यांना फ्री एजंट म्हणतात. मग त्यांचे एजंट आणि संघ यांच्यात फोनवर, जेवणाच्या टेबलावर, डिसेंबरातल्या विंटर मीटिंग्जमध्ये बोलणी चालतात. या वेळी त्या ऑरलँडोला होत्या आणि मेट्सनं डियाझ आणि अलोन्सो दोघेही त्याच चार दिवसांत गमावले. कुठला खेळाडू कुठे जाईल हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि कधी कधी फेब्रुवारी उजाडतो तरी निर्णय होत नाही. अलोन्सोचं मागच्या वर्षी असंच झालं होतं.

दुसरा फरक म्हणजे खेळाडू सहजासहजी मोकळा होत नाही. मेजर लीगमध्ये सहा वर्षं भरावी लागतात. तोवर तो ज्या संघाचा आहे त्याचाच, आणि पहिली तीनेक वर्षं जवळपास किमान पगारावर. म्हणून तिशीत आलेला खेळाडू चार पैसे जास्त मिळतात म्हणून निघून गेला, की त्याला लोभी म्हणताना मी थांबतो. त्याची स्वस्तातली उमेदीची वर्षं संघानं वापरलेली असतात.

आणि तिसरा प्रकार अदलाबदलीचा. निम्मोसारखा करारात असलेला खेळाडू देऊन दुसरा घेणं. हार्दिक पंड्या २०२३च्या नोव्हेंबरात गुजरात टायटन्सकडून मुंबईकडे आला, तसं काहीसं. त्यानंतर रोहितचं कर्णधारपद गेलं तेव्हा वानखेडेवर काय झालं ते आठवतंय ना? आपल्याच मैदानावर आपल्याच कर्णधाराला लोकांनी हुर्यो केलं. क्वीन्समध्ये डिसेंबरात जे वातावरण होतं, ते मराठी माणसाला यापेक्षा वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

अलोन्सोचा तर २०२६पर्यंत करार होता. मग तो गेला कसा?

फेब्रुवारी २०२५मध्ये दोन वर्षांचा, ५.४ कोटी डॉलरचा करार झाला होता. त्यात पहिल्या वर्षानंतर बाहेर पडायची मुभा होती. पहिल्या वर्षाचे ३ कोटी घेतले, ३८ होमरन (षटकारासारखे, चेंडू थेट कुंपणापलीकडे) मारले, १२६ धावा खेचून आणल्या आणि ती मुभा वापरली. पूर्ण हक्काचं होतं.

यात एक बारीक गोष्ट आहे. संघ आपल्या जाणाऱ्या खेळाडूला एका वर्षाची क्वालिफाइंग ऑफर देऊ शकतो. या हिवाळ्यात ती २.२०२५ कोटी डॉलरची होती. खेळाडूनं ती नाकारून दुसरीकडे करार केला, तर जुन्या संघाला नव्या खेळाडूंच्या निवडीत एक जागा भरपाई म्हणून मिळते. पण ही ऑफर एका खेळाडूला आयुष्यात एकदाच देता येते, आणि अलोन्सोला ती आधीच्या वर्षी देऊन झाली होती. त्यामुळे तो गेला तेव्हा मेट्सच्या पदरात भरपाई म्हणूनही काही पडलं नाही.

अलोन्सोला जाऊ देणं बरोबर की चूक?

या एका प्रश्नावर आमच्या दोन जुन्या मित्रांनी एकमेकांशी बोलणं सोडलं होतं, इतका तो नाजूक आहे.

आधी त्यानं काय दिलं ते बघू. २०१९ला पहिल्याच वर्षी ५३ होमरन. नवख्या खेळाडूनं इतके होमरन मेजर लीगमध्ये त्याआधी कधी मारले नव्हते आणि नंतरही नाहीत. १२ ऑगस्ट २०२५ला त्यानं २५३वा होमरन मारून डॅरिल स्ट्रॉबेरीचा मेट्सचा विक्रम मोडला, जाताना आकडा २६४ होता. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी १६२पैकी १६२ सामने खेळला. आणि ३ ऑक्टोबर २०२४ची मिलवॉकीतली रात्र. प्लेऑफचा निर्णायक सामना, नववी इनिंग, मेट्स ०-२ मागे, समोर त्या काळातला सगळ्यात अवघड क्लोजर. अलोन्सोनं उजवीकडच्या भिंतीपलीकडे चेंडू टाकला आणि तीन धावा झाल्या. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. शाळेचा दिवस असून मी त्याला झोपायला पाठवलं नव्हतं, आणि त्याबद्दल मला आजही समाधान आहे.

आता तो पुढे काय देईल ते बघू. करार संपेल तेव्हा तो ३६ला टेकेल. फर्स्ट बेसवरचे मोठ्या अंगाचे, ताकदीवर खेळणारे खेळाडू तिशीच्या मध्यावर अचानक उतरतात, असं बऱ्याचदा घडलंय. त्याचं चेंडू टाकणं कच्चं आहे, सेंगाच्या वेळचं वर सांगितलंच. मेट्सचे बेसबॉल विभागप्रमुख डेव्हिड स्टर्न्स हंगाम संपल्यापासून एकच गोष्ट सांगत होते, की धावा रोखायच्या आहेत. त्या हिशोबात अलोन्सो बसत नव्हता.

तिसरी बाजू म्हणजे त्याच्या जागी कोण आलं. पोलान्को, दोन वर्षं, ४ कोटी. बॅट चांगली आहे, सिएटलसाठी त्यानं गेल्या ऑक्टोबरात पंधराव्या इनिंगमध्ये डेट्रॉईटविरुद्धची मालिका जिंकून दिली. पण तो अलोन्सोपेक्षा दीड वर्षानं मोठा आहे आणि फर्स्ट बेसवर मेजर लीगमध्ये तो जवळजवळ खेळलेलाच नाही. धावा रोखण्यासाठी अलोन्सो सोडला म्हणायचं आणि जागेवर नवशिका उभा करायचा, हे मला पटत नाही.

तेव्हा माझं मत असं. पाचव्या वर्षापर्यंत १५.५ कोटी न देणं हा समजण्यासारखा निर्णय आहे, मीही कदाचित तोच घेतला असता. पण मेट्सनं त्याच्यासमोर औपचारिक प्रस्ताव ठेवलाच नाही, असं सगळ्या बातम्यांत आलं. ते मला खुपतं. संघाच्या इतिहासात ज्यानं सगळ्यात जास्त होमरन मारले त्याला तीन वर्षांचा, चार वर्षांचा, कसला का होईना एक आकडा कागदावर द्यायचा होता. त्यानं नाकारला असता आणि गेला असता. लोकांना सांगायला एक गोष्ट राहिली असती.

आणि डियाझ?

इथे मी कुणाचंही ऐकून घेणार नाही. चूक आहे.

ज्यांनी सिटी फिल्डवर प्रत्यक्ष ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवव्या इनिंगआधी दिवे मंद व्हायचे, मैदानाच्या टोकाचं बुलपेनचं, म्हणजे राखीव पिचरांच्या सरावाच्या जागेचं, दार उघडायचं आणि ट्रम्पेट सुरू व्हायचे. चाळीस हजार लोक त्या ठेक्यावर हात वर करायचे. शेजारी बसलेल्या अनोळखी आजीबाईसुद्धा. डियाझ मान खाली घालून सावकाश धावत यायचा. प्रतिस्पर्धी त्या वेळी डगआउटमध्ये काय विचार करत असतील, हे मी दरवेळी मनात आणायचो.

भावना बाजूला ठेवू. २०२५मध्ये त्याचा ईआरए १.६३ होता, ६६ इनिंगमध्ये ९८ फलंदाजांना त्यानं स्ट्राइक-आउट, म्हणजे फिल्डरच्या मदतीशिवाय बाद, केलं. त्याच्या आधी आठवडाभर ज्याला घेतलं, त्या डेव्हिन विल्यम्सचा न्यूयॉर्कच्याच यांकीजकडे खेळताना ४.७९. डियाझला तीन वर्षांचे ६.९ कोटी मिळाले, विल्यम्सला तीन वर्षांचे ५.१ कोटी. म्हणजे वर्षाला ६० लाख डॉलरचा फरक. हो, विल्यम्सला घेताना दोघंही एकत्र असतील असाच अनेकांचा समज होता आणि तसं झालं असतं तर आठवी आणि नववी इनिंग बंद दाराआड गेली असती. तसं झालं नाही. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागल्यासारखं झालं.

आणि हो, २०२४ला मिलवॉकीत अलोन्सोनं ज्याला होमरन मारला तो क्लोजर हाच, डेव्हिन विल्यम्स. आता तो आमचा आणि अलोन्सो परका. विल्यम्स वाईट पिचर नाही. त्याचा चेंजअप, म्हणजे मुद्दाम हळू टाकलेला चेंडू, हवेत असा काही वळतो की फलंदाजाची बॅट आधीच फिरून गेलेली असते. न्यूयॉर्कमधलं त्याचं पहिलं वर्ष यांकी स्टेडियमवरच्या ओरड्यात गेलं. मी त्याला मनापासून साथ देणार आहे. पण डियाझला जाऊ देणं चूकच.

निम्मोच्या बदल्यात सेमियन, हा सौदा कसा वाटतो?

बरा. सगळ्यांत कमी आरडाओरडा झाला आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त विचार करून झालेला हाच.

निम्मो वायोमिंगमधल्या शायनचा. २०११ला मेट्सनं त्याला पहिल्या फेरीत निवडला तेव्हापासून तो दुसरीकडे कुठे खेळलाच नव्हता. चार चेंडू बॉल पडले आणि चालत जायचं असलं तरी तो फर्स्ट बेसपर्यंत धावत जायचा. त्याच्या १६.२ कोटींच्या कराराची अजून पाच वर्षं बाकी होती. सेमियनची तीन बाकी. निम्मोला बदलीला नकार द्यायचा हक्क होता, त्यानं तो सोडला. सेमियन ३५ वर्षांचा आहे आणि बॅट गेल्या वर्षी चालली नाही, पण २०२५चा सेकंड बेसचा गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे सर्वोत्तम फिल्डिंगचा पुरस्कार, त्याच्याकडे आहे. आमच्या फ्रान्सिस्को लिंडोरच्या शेजारी तो उभा राहिला की मैदानाचा मधला भाग बुजला. करारही दोन वर्षं आधी संपतो.

निम्मो गेल्याचं वाईट वाटतंच. ते वाटणं आणि सौदा बरा असणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. वाद घालताना आपण एकानं दुसरं खोडायला जातो.

मॅकनीलबद्दल कुणी बोलतच नाही?

२०२२चा नॅशनल लीगमधला सर्वोत्तम सरासरीचा फलंदाज, .३२६, म्हणजे दर हजार प्रयत्नांत ३२६ यशस्वी फटके. सेमियन आल्यावर सेकंड बेसवर जागा उरली नाही. चांगला खेळला, वेळ झाली.

कोहेनकडे एवढा पैसा आहे. मग सगळ्यांनाच का नाही ठेवलं?

मालक स्टीव्ह कोहेन यांनी २०२०मध्ये सुमारे २.४ अब्ज डॉलरला संघ घेतला आणि खर्चात कधी हात आखडता घेतलेला नाही. बेसबॉलमध्ये पगारावर सक्तीची कमाल मर्यादा नाही. पण लक्झरी टॅक्स आहे आणि तो समजल्याशिवाय या हिवाळ्यातला एकही सौदा समजत नाही.

संघाच्या एकूण पगाराची २०२६साठी पहिली पायरी २४.४ कोटी डॉलर. त्यावर गेलात की कर. सलग तिसऱ्या वर्षी किंवा त्याहून जास्त वर्षं वर राहिलात की दर ५० टक्के. आणि सगळ्यात वरची, ३०.४ कोटींची पायरी ओलांडली की वर आणखी ६०. ही वरची पायरी २०२२च्या वाटाघाटींत कोहेन यांना डोळ्यांसमोर ठेवूनच आणली, म्हणून लोक तिला त्यांच्याच नावानं ओळखतात. मेट्स या सगळ्याच्या वर आहेत. म्हणजे त्यांनी पगारात आणखी एक डॉलर घातला, तर १ डॉलर १० सेंट सरकारात नव्हे, लीगकडे जमा करायचे.

बिशेटचं उदाहरण घ्या. वर्षाला ४.२ कोटी पगार. त्यावर कर ४.६२ कोटी. एका खेळाडूचं एक वर्ष ८.८२ कोटी डॉलरला पडलं. डॉलरला नव्वद रुपये धरले तर जवळपास ७९४ कोटी रुपये. याच हिशोबानं अलोन्सोचे वर्षाचे ३.१ कोटी मेट्सला ६.५१ कोटींना पडले असते. जिथे कर खर्च दुप्पट करून टाकतो, तिथे ‘पैसा आहे ना’ हे उत्तर पुरत नाही.

तरीही डियाझच्या बाबतीत मी हा बचाव मान्य करत नाही. ज्यानं बिशेटसाठी ८.८२ कोटी मोजले, त्याला डियाझ परवडत नव्हता असं कसं म्हणायचं?

सोटोच्या करारामुळे हे झालं का?

नाही. हुआन सोटोला डिसेंबर २०२४मध्ये १५ वर्षांचे ७६.५ कोटी दिले, जगातल्या कुठल्याही खेळातला तोवरचा सगळ्यात मोठा करार. वर्षाला ५.१ कोटी. त्यानं पहिल्या वर्षी ४३ होमरन मारले आणि ३८ बेस चोरले. तो मोजून घेतलेल्या पैशाचं काम करतोय. २०२५ला त्याच्या सभोवती पिचिंग नव्हतं, हा त्याचा दोष नव्हे.

बिशेट तर शॉर्टस्टॉप आहे. त्याला थर्ड बेसवर का उभं करणार?

कारण शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या जागेवर, लिंडोर आहे. क्रम असा झाला: बाहेरच्या मैदानातला काइल टकर हवा होता, १५ जानेवारीला तो चार वर्षांच्या २४ कोटींवर डॉजर्सकडे गेला, दुसऱ्या दिवशी मेट्सनं बिशेटशी तीन वर्षं, १२.६ कोटींचा करार केला. दोन वर्षांत दोनदा बाहेर पडायची मुभा. २७ वर्षांचा, गेल्या वर्षीची सरासरी .३११, वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात दुखऱ्या गुडघ्यानं डॉजर्सच्या शोहेई ओहतानीला होमरन मारलेला. बॅटबद्दल शंका नाही.

थर्ड बेसवर मात्र तो मेजर लीगमध्ये एकदाही खेळलेला नाही. इथे जुन्या मेट्स चाहत्यांच्या पोटात गोळा येतो, आणि त्याला कारण आहे. १० डिसेंबर १९७१ला मेट्सनं कॅलिफोर्निया एंजल्सकडून जिम फ्रेगोसी नावाचा नावाजलेला शॉर्टस्टॉप घेतला आणि त्याला थर्ड बेसवर उभं केलं. सरावातच त्याचा अंगठा मोडला आणि तो तिथे कधी रुळला नाही. त्याच्या बदल्यात दिलेल्यांपैकी एक पिचर होता नोलन रायन. पुढे त्यानं सात नो-हिटर (समोरच्यांना एकही हिट न देता संपवलेले सामने) टाकले आणि ५,७१४ स्ट्राइक-आउट केले, जो विक्रम आजही कायम आहे. अलोन्सो गेला ती तारीखही १० डिसेंबरच. बिशेट फ्रेगोसीपेक्षा तरुण आहे आणि त्याच्यासाठी कुठला रायन दिलेला नाही, हे मी स्वतःला सांगत असतो.

पेराल्टासाठी दोन होतकरू मुलं दिली. परवडलं का?

मला विचाराल तर हा या हिवाळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा सौदा आहे, आणि याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. होमरनचा फोटो निघतो, सहाव्या इनिंगपर्यंत शांतपणे काम करणाऱ्या पिचरचा निघत नाही.

फ्रेडी पेराल्टा गेल्या वर्षी मिलवॉकीसाठी १७ सामने जिंकला, ईआरए २.७०, स्ट्राइक-आउट २०४. २०२६चा पगार फक्त ८० लाख डॉलर. त्याच्यासोबत टोबायस मायर्सही आला. आपण दिले ब्रॅन्डन स्प्रोट आणि जेट विल्यम्स. स्प्रोट सप्टेंबरात मेट्सकडून खेळून गेला होता, विल्यम्सच्या पायांत वारं आहे. दोघांचंही पुढे भलं होऊ शकतं. पेराल्टा मात्र या हंगामानंतर मोकळा होणार. एका वर्षासाठी दोन मुलं, असा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे.

पण २०२५ आठवा. जूननंतर आपल्याकडे असा एकही पिचर नव्हता, ज्याच्या दिवशी घरातून निघताना ‘आज जिंकणार’ असं वाटावं. ऑगस्टात नोलन मॅकलीन आला आणि आठ सामन्यांत ते वाटायला लावलं, तेही एकट्यानं. आता पेराल्टा आणि मॅकलीन एकामागोमाग येतील. ज्या कारणानं संघ पडला त्या कारणावर बोट ठेवणारा सौदा हाच आहे. अलोन्सोवर हजार शब्द लिहिणाऱ्यांनी याच्यावर शंभर तरी लिहावेत.

लुईस रॉबर्टचं काय?

निरोगी राहिला तर सेंटर फिल्डमधला देखणा खेळाडू, २०२३ला ३८ होमरन. बहुतेक वर्षी काही ना काही दुखतं. त्याच्यासाठी शिकागो व्हाइट सॉक्सना लुईसान्हेल अकुन्या आणि एक तरुण पिचर दिला. जमलं तर सोनं.

मेट्सनं पूर्वीही चाहत्यांना असं दुखावलंय का?

सगळ्यात खोल जखम १५ जून १९७७ची. टॉम सीव्हरला सिनसिनाटीला देऊन टाकलं. १९६९ची वर्ल्ड सिरीज ज्याच्या खांद्यावर जिंकली, ज्यानं मेट्सकडे सर्वोत्तम पिचरचे तीन साय यंग पुरस्कार आणले, तो माणूस. त्यानंतर मेट्सचं तेव्हाचं शे स्टेडियम ओस पडलं, १९७९च्या अख्ख्या हंगामात आठ लाख प्रेक्षकही आले नाहीत.

फ्लशिंगच्या गणपती मंदिराच्या कँटीनमध्ये रविवारी आमची बैठक असते. डोसा खाऊन तिथून मैदान जवळच. आमच्यातले एक काका सत्तरच्या दशकात आले, क्रिकेट नाही म्हणून बेसबॉल बघायला लागले आणि सीव्हरचे झाले. डिसेंबरात मी तावातावानं अलोन्सोबद्दल बोलत होतो. ते ऐकत राहिले, कॉफीचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, “सीव्हरच्या वेळी मी तीन वर्षं मैदानावर गेलो नाही बघ. नुकसान कुणाचं झालं? माझंच.”

उलट बाजूही सांगतो. डिसेंबर २०१८ला मेट्सनं जॅरेड केलेनिक नावाचा, त्याच वर्षी पहिल्या फेरीत सहाव्या क्रमांकावर निवडलेला मुलगा सिएटलला दिला आणि रॉबिन्सन कानोसोबत एक क्लोजर आणला. चाहत्यांनी आकाशपाताळ एक केलं, मीही. पहिल्या वर्षी त्या क्लोजरचा ईआरए ५.५९ होता, त्याला घरच्या मैदानावर ओरडून हैराण केलं. तो क्लोजर म्हणजे एडविन डियाझ. केलेनिकचा मात्र मेजर लीगमध्ये जम बसला नाही. ज्याच्या येण्यावर आम्ही चिडलो होतो, त्याच्याच जाण्यावर सात वर्षांनी रडलो.

पुढच्या हिवाळ्यातही असंच होणार का?

पुढचा हिवाळा वेगळाच असू शकतो. मालक आणि खेळाडूंच्या संघटनेतला सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ला संपतोय. मागच्या वेळी तो संपला तेव्हा ९९ दिवस टाळेबंदी होती आणि मार्च २०२२पर्यंत कुणी कुणाशी करार करू शकलं नव्हतं. पेराल्टा आणि कदाचित बिशेटही नेमके तेव्हाच मोकळे होतील.

फेब्रुवारी-मार्चमध्ये फ्लोरिडातल्या पोर्ट सेंट लुसीच्या सराव सामन्यांत काय बघायचं?

निकाल बघू नका, त्यांना अर्थ नसतो. पोलान्कोचे पाय बघा. फर्स्ट बेसवर जमिनीतून टप्पा खाऊन येणारा चेंडू घेताना तो बेस चाचपडतो की न बघता सापडतो. बिशेट थर्ड बेसवरून तिरका, लांबचा चेंडू टाकताना किती वेळ घेतो ते बघा. सेंगा किती जोरात टाकतोय ते बघा. आणि कार्सन बेंज या तरुण खेळाडूवर नजर ठेवा, बाहेरच्या मैदानात निम्मोची रिकामी जागा त्याला खुणावतेय.

मुलाकडे अलोन्सोची जर्सी आहे. आता घालायची की नाही?

घालायची. आमच्याकडेही २० नंबरची आहे, खांद्यावर मोहरीचा डाग पडलेली, धुऊनही न गेलेला. ११ डिसेंबरला सकाळी मुलानं ती कपाटातून काढली आणि तीच घालून शाळेत गेला. संध्याकाळी मी विचारलं, कुणी काही बोललं का. म्हणाला, वर्गात आणखी चौघं तीच घालून आले होते.